राखणदाराची शाळा : चंद्रकांत पंडित आणि बचाव शिकवण्याचा इतिहास



आजचा विषय एका क्रिकेट प्रशिक्षकाची कारकीर्द हा आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने क्रिकेटवर काय बोलावं, असा प्रश्न पुढच्या रांगेतल्या दोघातिघांच्या चेहऱ्यावर मला आत्ताच दिसतोय. पण विषय तत्त्वज्ञानाचाच आहे, थोडा धीर धरा. ‘शिकवणं’ म्हणजे नेमकं काय, आणि जी गोष्ट माणसाने करायची नाही ती शिकवता येते का, हा तो प्रश्न. आणि तो मला पुस्तकात जितका स्वच्छ दिसला नाही तितका चंद्रकांत पंडित या माणसाच्या पन्नासेक वर्षांच्या वाटचालीत दिसतो. म्हणून हा विषय.

आधी एक परदेशातली गोष्ट सांगतो. अमेरिकेत कॉलेजांमध्ये फुटबॉल खेळतात, तो त्यांचा अंडाकृती चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा फुटबॉल. त्या खेळात आक्रमण करणारे अकरा जण वेगळे आणि बचाव करणारे अकरा जण वेगळे. साहजिकच बचावाचा प्रशिक्षकही वेगळा. मुख्य प्रशिक्षकाचा फोटो छापून येतो, गोल करणाऱ्याचा येतो. बचाव शिकवणारा बहुतेक वेळा फोटोच्या बाहेर असतो. अशा सहायक प्रशिक्षकांसाठी एक वेगळा पुरस्कार हवा हे त्या लोकांच्या लक्षात यायलासुद्धा १९९६ साल उजाडलं. आर्कान्सॉ विद्यापीठाचे जुने प्रशिक्षक फ्रँक ब्रॉइल्स यांच्या नावाने तो देतात. क्रिकेटमध्ये अशी विभागणी नाही. तिथे एकच माणूस मारतोही आणि राखतोही. पण राखणं शिकवणाऱ्याची अवस्था तीच. धावफलकावर प्रशिक्षकासाठी रकाना नसतो.

आता रणजी करंडकाचा एक नियम. क्रिकेट न बघणाऱ्यांसाठी सांगतो, कारण आजचं निम्मं व्याख्यान या नियमावर उभं आहे. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो संघ पुढे जातो. अंतिम सामन्यातही तेच. म्हणजे तुम्हाला पहिल्या डावात आघाडी मिळाली असेल तर नंतर सामना जिंकायची सक्ती नाही. हरायचं नाही, एवढंच. मोरव्याच्या माणसाला हे फार समजावून सांगायला नको. मिठागराचा बांध काही पिकवत नाही. भरतीचं पाणी हवं तेवढं आत घ्यायचं आणि नको ते बाहेर ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पण बांध फुटला तर मीठही नाही आणि पुढचा हंगामही नाही.

एप्रिल १९९९. बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम. रणजीचा अंतिम सामना, कर्नाटक विरुद्ध मध्य प्रदेश. मध्य प्रदेशाचे कर्णधार चंद्रकांत पंडित. मुंबईचा हा यष्टिरक्षक कारकिर्दीच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशाकडून खेळत होता. कर्नाटकाच्या पहिल्या डावात ३०४, मध्य प्रदेशाच्या ३७९. पंचाहत्तर धावांची आघाडी हातात. कर्नाटकाने दुसऱ्या डावात ३२१ केल्या. मध्य प्रदेशासमोर २४७ चं लक्ष्य उरलं, पण ते गाठायची गरजच नव्हती. शेवटचा दिवस टिकून काढला असता तरी करंडक त्यांचाच. टिकले नाहीत. विजय भारद्वाजने २४ धावांत सहा बळी घेतले, संघ १५० वर गारद झाला आणि ९६ धावांनी हरला.

हे आकडे मी मुद्दाम सावकाश सांगतोय. अनेक पराभव असे असतात की समोरचा आपल्यापेक्षा वरचढ होता, विषय संपला. हा तसा नव्हता. इथे काहीही मिळवायचं नव्हतं, होतं ते ठेवायचं होतं. आणि ते ठेवता आलं नाही.

इथून थोडं मागे जाऊ या. पंडितांचा जन्म १९६१ चा. क्रिकेट शिकले ते शिवाजी पार्कला रमाकांत आचरेकर सरांकडे. आचरेकर मूळचे मालवणचे, जन्म १९३२. स्टेट बँकेत नोकरी. स्वतः खेळाडू म्हणून किती मोठे? प्रथम श्रेणीचा एकच सामना, १९६३–६४ च्या हंगामात हैदराबादच्या मोईन-उद-दौला स्पर्धेतला, स्टेट बँकेच्या संघाकडून. एकच! आणि या माणसाच्या हाताखालून सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, अजित आगरकर, समीर दिघे, रमेश पोवार, अमोल मुझुमदार आणि आपले पंडित, असे खेळाडू बाहेर पडले.

इथे मला गिल्बर्ट राइल आठवतो. ऑक्सफर्डचा हा तत्त्वज्ञ. १९४९ च्या त्याच्या पुस्तकात त्याने एक भेद केला आहे : अमुक आहे हे माहीत असणं वेगळं आणि अमुक कसं करायचं हे येणं वेगळं. पोहण्याचे नियम पाठ असणारा माणूस बुडू शकतो. ठीक. पण आचरेकरांसारखा गुरू या भेदात कुठे बसवायचा? स्वतः फारसं खेळलेला नाही, व्याख्यान तर देतच नाही, आणि तरी दुसऱ्याच्या हातात ‘येणं’ उतरवतो. राइलच्या दोन खणांत हा तिसरा माणूस मावत नाही असं माझं मत आहे. विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण देत असे, आणि वर्गात त्या दिवशी कोणी झोपत नसे.

सरांच्या नाण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. सराव संपत आला, मुलगा दमला, की सर यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवत. बाद केलंस तर नाणं गोलंदाजाचं. सत्र संपेपर्यंत बाद झाला नाही तर नाणं फलंदाजाचं. सचिनने अशी तेरा नाणी जपून ठेवली आहेत. ही गोष्ट सगळे जिद्दीची म्हणून सांगतात. मला तिच्यात एक बारीक गंमत दिसते. नाणं षटकाराला नव्हतं, शतकालाही नव्हतं. ते होतं न घडलेल्या गोष्टीला. बाद न होण्याला. ज्या मुलाने पुढे आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये शंभर शतकं काढली, त्याला पहिलं मोल शिकवलं गेलं ते अभावाचं.

‘अभाव’ हा शब्द मी सहज वापरलेला नाही. आपल्याकडे वैशेषिक दर्शनात पदार्थ किती यावर मोठी चर्चा आहे. कणादांनी सहा सांगितले : द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. नंतरच्या आचार्यांनी सातवा घातला, तो अभाव. ‘जमिनीवर घडा नाही’ हे ज्ञान खरं असेल तर ‘घडा नसणं’ हीसुद्धा एक वस्तुस्थिती मानावी लागेल, असा त्यांचा युक्तिवाद. बाकी दर्शनांनी त्यावर भरपूर टीका केली आहे, त्यात आज शिरत नाही. पण ऑफ स्टंपच्या बाहेरून जाणारा चेंडू फलंदाजाने सोडून दिला, तर काय घडलं? धावफलक म्हणतो काही नाही, एक टिंब. वैशेषिक म्हणेल, घडलं, आणि ते मोजा. ज्याने कधी नवा चेंडू खेळलाय त्याला विचारा. बॅट खाली आणण्यापेक्षा वर धरून ठेवणं किती अवघड असतं ते तो सांगेल.

पंडित यष्टिरक्षक होते हेही लक्षात घ्या. मैदानावर या माणसाचं काम चेंडू मागे जाऊ न देणं हे असतं. दिवसभर त्याने नीट काम केलं तर त्याचा उल्लेखही होत नाही. एक चेंडू सुटून चार धावा गेल्या की सगळ्यांच्या माना वळतात. त्यातून त्यांच्या वेळी किरण मोरे भारताचे पहिल्या पसंतीचे यष्टिरक्षक होते. पंडितांना १९८६ मध्ये लीड्सला पहिली कसोटी मिळाली, आणि १९९२ पर्यंत एकूण पाच कसोट्या आणि ३६ एकदिवसीय सामने झाले. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात वानखेडेवर ते खेळले, २४ धावा केल्या, आपण इंग्लंडकडून हरलो. रणजीत मात्र ढीगभर धावा. प्रथम श्रेणीत आठ हजारांच्या वर. भारतीय संघाच्या दारात उभं राहून, आत दुसरा आहे म्हणून परत फिरलेल्या खेळाडूंची एक वेगळी जमात आपल्याकडे आहे. चांगले प्रशिक्षक बरेचसे याच जमातीतून येतात, असं माझं निरीक्षण आहे. सिद्धांत म्हणू नका, निरीक्षण म्हणा.

खेळणं थांबल्यावर ते मुंबईचे प्रशिक्षक झाले. २००२–०३ आणि २००३–०४ असे सलग दोन करंडक. त्यावर मी फार बोलणार नाही. मुंबई जिंकली यात तेव्हा बातमी नव्हती. मधली वर्षं इतर जबाबदाऱ्यांत गेली. २०१५–१६ ला पुन्हा मुंबई, पुण्याच्या गहुंजे मैदानावर सौराष्ट्राला एक डाव आणि २१ धावांनी हरवून एकेचाळिसावा करंडक. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर अंतिम सामना गुजरातविरुद्ध. गुजरातला शेवटच्या डावात ३१२ हव्या होत्या. पार्थिव पटेलने १४३ काढल्या आणि गुजरातने पहिल्यांदा रणजी जिंकली. त्यानंतर मुंबईने प्रशिक्षक बदलला. एक विजेतेपद, एक उपविजेतेपद, आणि निरोप. मुंबईच्या क्रिकेटची हीच रीत आहे. तिथे दुसरा क्रमांक नापास धरतात.

पंडित गेले नागपूरला. आणि इथून गोष्ट खरी रंगते.

विदर्भ रणजीत खेळायला लागला तो १९५७–५८ पासून. साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी नाही. बराच काळ खालच्या गटात. मुंबईहून, दिल्लीहून संघ यायचे ते गुण घेऊन जायला. मात्र पंडितांनी तिथे रिकाम्या जागेवर काही उभं केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. जामठ्याचं मैदान होतं, संघटनेची अकादमी होती, गोलंदाजी शिकवायला सुब्रतो बॅनर्जी होते, कर्णधार फैज फजल अनुभवी होता, आणि चाळिशीला टेकलेला वसीम जाफर मुंबई सोडून तिथे आधीच दाखल झाला होता. सामग्री होती. तिला एक सवय नव्हती, अवघड वेळी न कोसळण्याची.

ही सवय लागली की नाही ते कळलं डिसेंबर २०१७ च्या उपांत्य सामन्यात. कोलकात्याला, समोर कर्नाटक. विदर्भ पहिल्या डावात १८५. कर्नाटक ३०१. म्हणजे नियमाने पाहिलं तर आघाडी कर्नाटकाची, आणि विदर्भाला सामना जिंकण्याशिवाय पर्याय नाही. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ केल्या. कर्नाटकाला हव्या होत्या १९८. ते १९२ वर बाद झाले. पाच धावांनी! रजनीश गुरबानी या सिव्हिल इंजिनीअर झालेल्या मुलाने सामन्यात बारा बळी घेतले. पाच धावा म्हणजे किती? एक अडवलेला चौकार आणि एक न दिलेली बाय. पाच दिवसांत अशा अडवलेल्या धावा कुणी मोजून ठेवत नाही. त्या मोजल्या असत्या तर हा सामना कुणी जिंकून दिला याचं उत्तर जरा वेगळं आलं असतं.

अंतिम सामना इंदूरला. तेच होळकर स्टेडियम, जिथे अकरा महिन्यांपूर्वी पंडितांची मुंबई हरली होती. समोर दिल्ली. दिल्लीच्या २९५, त्यात ध्रुव शोरीच्या १४५. गुरबानीने ५९ धावांत सहा बळी घेतले, त्यात हॅटट्रिक. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही दुसरी हॅटट्रिक. पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, १९७२–७३ मधली. नंतर विदर्भ फलंदाजीला उतरला आणि उतरायचं नावच घेईना. ५४७. त्यात अक्षय वाडकर या नवख्या यष्टिरक्षकाच्या १३३, त्याचं प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक. हे नाव ध्यानात ठेवा, मी शेवटी त्याच्याकडे येणार आहे. १ जानेवारी २०१८ ला नऊ गड्यांनी विजय.

पहिल्या वर्षीचा विजय नशिबाचा असू शकतो, असं म्हणणारे होतेच. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, पुन्हा अंतिम फेरी, घरच्या जामठ्याच्या मैदानावर, समोर सौराष्ट्र. विदर्भ ३१२, सौराष्ट्र ३०७. आघाडी पाच धावांची. पुन्हा पाच! मग २०० आणि १२७, विजय ७८ धावांनी. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने सामन्यात अकरा बळी घेतले. त्यातले दोन चेतेश्वर पुजाराचे, एकदा १ वर आणि एकदा शून्यावर. त्या वेळी जगातला सगळ्यात चिवट बचाव ज्याचा, त्याला दोन डावांत मिळून एक धाव.

आता अवघड भाग. तो टाळून पंडितांबद्दल बोलणं म्हणजे आरती ओवाळणं होईल.

पंडित कडक आहेत. शिस्त म्हणजे त्यांच्याकडे चर्चेचा विषय नसतो. पुढे ते आयपीएलमध्ये कोलकात्याच्या संघाचे प्रशिक्षक झाले तेव्हा एका परदेशी खेळाडूने जाहीरपणे म्हटलं की त्यांची पद्धत लष्करी आहे, आणि काय घालायचं, कसं वागायचं हे सांगणं जगभर खेळून आलेल्या खेळाडूंना जड जातं. मुंबईत याला ‘खडूस’ म्हणतात आणि त्याचा अभिमान बाळगतात. या परंपरेचा उगमही शिवाजी पार्कातच. आचरेकर सरांनी सचिनला एकदा कानाखाली वाजवली होती. सरांनी ठरवून दिलेला सामना सोडून तो वानखेडेवर आपल्या शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना बघायला गेला होता. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असं खेळ, हा त्या रागाचा आशय. ही गोष्ट सचिनने स्वतः कृतज्ञतेने सांगितली आहे.

कृतज्ञता त्याची आहे, आणि ती खरी आहे. पण तर्कशास्त्राचा शिक्षक म्हणून मला एक गोष्ट बोलावी लागेल. थप्पड खाऊन मोठा झालेला सांगतो, थप्पडेमुळे मी घडलो. थप्पड खाऊन ज्याने क्रिकेट सोडलं तो व्यासपीठावर येत नाही, त्याला माईक कुणी देत नाही. म्हणून या बाबतीत आपल्यासमोर पुरावा एकाच बाजूचा जमा होतो. आपल्या भाईंदरमधून पहाटेच्या लोकलला किटबॅग घेऊन चढणारी मुलं तुम्ही रोज बघता. विरारहून भरून आलेल्या गाडीत ती बॅग आत घुसवणं हेच एक कसब आहे. आझाद मैदानावर वेळेत पोचायला ती पाचला उठतात. त्या वयाच्या मुलावर हात उचलला तर तो खेळ शिकतो की फक्त भीती शिकतो? माझं उत्तर स्पष्ट आहे : हात उचलू नये. कोणीही, कितीही मोठा गुरू असला तरी.

मग कडकपणा सगळाच टाकायचा का? इथे मी पंडितांच्या बाजूने थोडं बोलेन. बचाव हा नाइलाजाने कंटाळवाणा आहे. फटका मारायला शिकवताना मुलाला फळ तिथल्या तिथे मिळतं, चेंडू सीमेपार जातो, बरं वाटतं. चेंडू सोडायला शिकवताना काहीच मिळत नाही. शंभर वेळा सोड, शंभर वेळा काही घडणार नाही. ही सवय आतून आपोआप उगवत नाही, ती बाहेरून कुणीतरी धरून ठेवावी लागते, निदान काही काळ. ॲरिस्टॉटल सद्गुणाबद्दल हेच म्हणतो : न्यायाची कामं करत करत माणूस न्यायी होतो, आधी न्यायी होऊन मग कामं करत नाही. धरून ठेवणारा हात आणि मारणारा हात यांतला फरक ओळखणं ही प्रशिक्षकाची परीक्षा. दूर बसून पंडितांचे गुण मांडायचा अधिकार मला नाही. पण प्रौढ, पगारी खेळाडूला वेळेवर ये म्हणणं आणि बारा वर्षांच्या मुलाला थप्पड मारणं या दोन गोष्टी ‘खडूस’ या एकाच लाडक्या शब्दात घालून आपण मुंबईकरांनी विचार करायचं टाळलं आहे, एवढं मात्र नक्की.

विदर्भानंतर पंडित मध्य प्रदेशाकडे परतले, या वेळी प्रशिक्षक म्हणून. जून २०२२. रणजीचा अंतिम सामना, मैदान पुन्हा चिन्नास्वामी. समोर मुंबई, एकेचाळीस वेळा जिंकलेली. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. १९८८ च्या हॅरिस शील्डमध्ये सचिन आणि विनोद यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा तो हाच. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या आणि भारताकडून एकदाही खेळला नाही. म्हणजे त्या दिवशी दोन्ही ड्रेसिंग रूममध्ये आचरेकर सरांचे शिष्य. सर स्वतः साडेतीन वर्षांपूर्वी, २ जानेवारी २०१९ ला, गेले होते.

मुंबईने ३७४ केल्या, सर्फराज खानच्या १३४. मग मध्य प्रदेशाने बॅट हातात घेतली. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. एकूण ५३६. पावणेदोनशेहून जास्त षटकं ते खेळत राहिले. आघाडी १६२.

आता त्या नियमाची करामत बघा. इतकी आघाडी मिळाल्यावर मध्य प्रदेशाला घाई राहिली नाही, आणि सगळी घाई मुंबईच्या अंगावर आली. अनिर्णित म्हणजे मुंबईचा पराभव. त्यामुळे मुंबईला भराभर धावा करायच्या, डाव सोडायचा, पुन्हा दहा गडी बाद करायचे. त्या धावपळीत मुंबई २६९ वर बाद झाली. बचाव म्हणजे आक्रमणाचा अभाव असं आपण मानतो. इथे बचावानेच समोरच्याला चुका करायला भाग पाडलं. २६ जूनला मध्य प्रदेशाने १०८ धावा चार गडी गमावून केल्या आणि पहिल्यांदा रणजी जिंकली. कर्णधार होता आदित्य श्रीवास्तव. पंडित मैदानात आले तेव्हा रडत होते, आणि पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. तेवीस वर्षांपूर्वी याच मैदानावर ते काय हरले होते हे त्या पोरांपैकी अनेकांना स्वतःच्या आठवणीतून ठाऊक असणं शक्य नव्हतं. काही जण तेव्हा पाळण्यात होते, नाहीतर नुकते चालायला लागले होते.

कोलकात्याच्या संघाचं थोडक्यात सांगतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये नेमणूक, २०२४ च्या मे महिन्यात चेन्नईला आयपीएलचं विजेतेपद, २०२५ च्या जुलैत निरोप. २०२४ चं बरंचसं श्रेय मार्गदर्शक म्हणून आलेल्या गौतम गंभीरकडे गेलं. ते योग्य की अयोग्य यावर बराच वाद झाला. वीस षटकांच्या खेळात मला तितकासा रस नाही, म्हणून मी त्यात पडत नाही.

मला रस आहे तो प्रशिक्षक निघून गेल्यावर काय उरतं यात. पंडित नागपूर सोडून गेले त्याला काही वर्षं झाली होती. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर विदर्भ पुन्हा अंतिम फेरीत, जामठ्यालाच, समोर केरळ. केरळचा हा पहिलाच अंतिम सामना, आणि सरवटे आता केरळकडून खेळत होता. विदर्भाचे प्रशिक्षक उस्मान गनी. विदर्भ ३७९, त्यात तरुण दानिश मालेवारच्या १५३. केरळ ३४२, कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद. आघाडी सदतीस धावांची.

म्हणजे १९९९ च्या मध्य प्रदेशाची जी स्थिती होती तीच. त्यांच्या ७५ होत्या, यांच्या ३७, निम्म्याच. जिंकायची गरज नाही, फक्त कोसळायचं नाही. विदर्भ खेळत राहिला. करुण नायरने १३५ केल्या. पाचव्या दिवशी, २ मार्चला, सामना थांबवला तेव्हा विदर्भाच्या ९ बाद ३७५ झाल्या होत्या. सामना अनिर्णित, करंडक विदर्भाचा. उचलला कर्णधार अक्षय वाडकरने. इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात पहिलं शतक काढणारा तो नवखा यष्टिरक्षक.

त्याला हे पंडितांनी शिकवलं की गनींनी, की तो स्वतःच शिकला, की जामठ्याच्या मैदानावर आता ही गोष्ट हवेतच आहे? वैशेषिकांना एखाद्या कार्याची कारणं वेगवेगळी करून दाखवायची हौस फार. माती समवायी कारण, कुंभार निमित्त कारण, वगैरे. इथे कुंभार कोण ते मला सांगता येत नाही. घडा मात्र फुटला नाही.

आणि अमोल मुझुमदार? बंगळुरूला हरल्यावर सव्वा वर्षाने तो भारताच्या महिला संघाचा प्रशिक्षक झाला. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. पॅड बांधून बसून राहिलेल्या मुलाची ती गोष्ट एक वेगळं व्याख्यान मागते, आणि आयोजक मघापासून घड्याळ दाखवतायत. मुलींचे पालक इथे बरेच दिसतात. त्यांचे प्रश्न आधी घेऊ, मग बाकीच्यांचे.